तळटीपेतले तुकाराम

इंदूर, शनिवार, रात्री उशिरा.

आज तिसऱ्या प्रकरणाचा खर्डा पुन्हा हाती घेतला आणि एका तळटीपेपाशीच अडकून बसले. 'तुकाराम : सतराव्या शतकातील मराठी संतकवी.' हे वाक्य माझेच आहे. पीएच.डी.च्या प्रबंधात, मराठी घरात वाढलेल्या मुलीने, तुकोबांची ओळख पाच शब्दांत उरकली होती.

विषय इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांची 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी आणि इंदूरजवळचे देवास संस्थान. १९१२-१३च्या पहिल्या भारतप्रवासानंतर त्यांनी कादंबरी लिहायला घेतली, मग ती अडली. १९२१ साली देवासच्या दोन पात्यांपैकी थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव म्हणून काही महिने काढल्यावर ते पुन्हा तिच्याकडे वळले आणि १९२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. देवासच्या दरबारात पाहिलेली गोकुळाष्टमीच कादंबरीच्या शेवटच्या भागात माऊ या काल्पनिक संस्थानाची होऊन येते. चमच्याएवढ्या चांदीच्या कृष्णमूर्तीसमोर, झांजा आणि पेटीच्या साथीत, प्राध्यापक नारायण गोडबोले तुकारामांचे नाव घेत, त्यांनाच आई, बाप आणि सर्व काही म्हणत गातात.

या प्रसंगावर गूढवादाच्या आणि अद्वैताच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे आणि मीही तेच वाचून तसेच लिहीत आले. संध्याकाळी मात्र काय वाटले कोण जाणे, तो उतारा मनातल्या मनात मराठी करत आजीला वाचून दाखवला. रामबागेतल्या भजनी मंडळात तिची चाळीस वर्षे गेली आहेत.

"अगं, हा तर गजर करतोय," ती लगेच म्हणाली. "पण समोर कृष्ण आहे ना? मग मायबाप तुकोबांना का म्हणतोय?" आणि क्षणभर थांबून तिनेच उत्तर दिले, "तुकोबांनी विठ्ठलाला मायबाप म्हटलं, हा तुकोबांना म्हणतो. देवापर्यंत जायचं तर संताचा हात धरूनच जायचं."

मग मी तिला पहिल्या भागातले, फील्डिंग या इंग्रज प्राचार्यांच्या घरी चहाच्या वेळी गोडबोले गातात ते गाणे सांगितले. गाणारा स्वतःला गवळण समजतो, कृष्णाला 'ये' म्हणतो, पण कृष्ण येत नाही. निदान दुसऱ्या एखाद्या गाण्यात तरी तो येत असेल ना, असे तिथे आलेल्या वृद्ध इंग्रज बाई मिसेस मूर विचारतात, आणि गोडबोले शांतपणे सांगतात की तो येतच नाही. आजीला यात कोडे असे काही दिसलेच नाही. भजनात अभंग झाले की गौळण होते, पुरुषही गवळण होऊन गातात, आणि आर्जव करणे हाच तिचा भाव असतो.

गोडबोल्यांचे ते गाणे मराठी गौळणच आहे, असा दावा मी करणार नाही. कादंबरी त्यासाठी आधार देत नाही. परंतु ज्या नावाचे आणि ज्या परंपरेचे पात्र लेखकाने निवडले, त्या परंपरेत ही भूमिका रूढ आहे आणि तिथे न येणारा देव म्हणजे भक्तीचे अपयश मानले जात नाही, हे ठामपणे लिहिता येईल. मिसेस मूर यांच्या अस्वस्थतेचा अर्थही मग वेगळा लागतो.

पहिल्या वर्षी सादरीकरणात एका परीक्षकांनी घरगुती आठवणी बाजूला ठेवा, संदर्भ द्या, असे सांगितले होते. तेव्हापासून मी मराठीच बाजूला ठेवली. त्यांनी केवळ आधार मागितला होता, हे मला आज कळते आहे. तो आधार तर आहेच: एकनाथ आणि तुकाराम, दोघांनीही गौळणी लिहिल्या आहेत.

तळटीप खोडली आहे. तिच्या जागी नव्या उपप्रकरणाचे शीर्षक लिहिले, आणि मार्गदर्शक मॅडमना सोमवारची वेळ मागणारा निरोप धाडला. उद्या सकाळी आजी मंडळाची वही काढून देणार आहे. तिच्यात गौळणींची पाने वेगळी दुमडलेली आहेत.