वाचनवही, १२ आठवडे: आतला आवाज फक्त ‘नको’ म्हणतो

मंडळी, मागच्या नोंदीत मी दोन गोष्टी ठरवल्याचं लिहिलं होतं. रोजचं वाचन वाढवायचं ही एक. आणि पुढचं पुस्तक कुठलं हे याद्या चाळून नाही, तर आतून जो कौल येईल त्यावर ठरवायचं ही दुसरी. पहिली जमली. दुसरी सपशेल फसली. गंमत अशी की दुसरी ज्या तऱ्हेनं फसली, त्यामुळेच पहिली जमली. म्हणून यावेळची नोंद जरा लांबणार आहे.

पहिले तीन आठवडे

आधी मोजमाप. मी रोज तासभर वाचते असं मी कुणीही विचारलं तरी छातीठोकपणे सांगायचे. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून वहीत टिपलं, तर सात दिवसांचे मिळून १०० मिनिटं भरली. म्हणजे दिवसाला चौदा-पंधरा. पुस्तक मांडीवर घेऊन बसण्याचा वेळ धरला तर तासभर होतो, हे खरं. पण त्यातलं वाचन किती आणि मांडी किती, हे कधी बघितलंच नव्हतं. एका बैठकीत हात फोनकडे गेला की समासात एक रेघ, असं केलं. पन्नास मिनिटांत अकरा रेघा. तुमच्यापैकी कुणाला आपल्या वाचनाबद्दल फार अभिमान असेल तर हा प्रयोग एकदा करून बघा. मात्र एकट्यानं करा.

वहीचे रकाने असे ठेवले होते: तारीख, सुरुवात, शेवट, पानं, आणि शेवटी ‘मिटल्यावर’. हा शेवटचा रकाना मी हौस म्हणून आखला होता. तो पुढे कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

आता कौलाचं. पहिल्या दिवशी कपाटासमोर दहा मिनिटं डोळे मिटून बसले. आतून आलं, ‘ते जाड भाष्य घे.’ घेतलं. तिसऱ्या दिवशी आतून आलं, प्रवासवर्णन. पाचव्या दिवशी कविता. तिसरा आठवडा संपताना सात पुस्तकं अर्धवट उघडी होती आणि एकही संपलेलं नव्हतं. खुणेच्या पट्ट्या संपल्या म्हणून जुनी बिलं आणि लोकरीचे धागे घालून ठेवले होते. ताई तो ढीग बघून म्हणाली, “तुझा आतला आवाज नवं मुखपृष्ठ दिसलं की बोलतो का गं?”

मला राग आला, म्हणजे बाण बरोबर जागी लागला होता.

त्याच सुमारास शाकुंतलाचा पहिला अंक पुन्हा वाचण्यात आला. संशयाच्या जागी सज्जनांना आपल्या अंतःकरणाचा कलच प्रमाण असतो, हे प्रसिद्ध वाक्य तिथलंच. आतल्या आवाजाची महती सांगताना लोक ते हमखास पुढे करतात. पण ते म्हणतो कोण आणि कधी? दुष्यंत म्हणतो, झाडाआडून शकुंतलेला बघत असताना. ही आपल्याला वरता येईल का, या शंकेचं उत्तर त्याला हवं तसंच हवं आहे. कालिदासानं पुढे त्याला खरं ठरवलं, ही गोष्ट वेगळी. त्या क्षणी राजाची नजर कुठे होती, हे मात्र त्यानं लपवलेलं नाही. कपाटासमोर डोळे मिटून बसलेली मी, आणि झाडाआडचा तो, आमच्यात फार फरक नव्हता.

चौथा आणि पाचवा आठवडा

सात पुस्तकं तशीच ठेवून मी या विषयावरच वाचायला घेतलं. आतून आलेलं खरं की मनाचे खेळ, हे लोकांनी पूर्वी कसं पारखलं? त्यात इग्नेशियस लोयोला भेटला. हा स्पेनमधला सरदार. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याचा पाय मोडला आणि तो कित्येक महिने अंथरुणाला खिळला. वेळ घालवायला त्यानं शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होतं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. तेच वाचायला लागलं.

मग तो पडल्या पडल्या दोन्ही तऱ्हेची दिवास्वप्नं बघायचा. कधी पराक्रम आणि राजघराण्यातली एक स्त्री, कधी संतांसारखं अनवाणी चालत जाणं. बघताना दोन्ही गोड वाटायची. फरक नंतर पडायचा. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडं आणि असमाधानी व्हायचं, दुसऱ्यानंतर आनंद टिकून राहायचा. एवढ्या एका निरीक्षणावर त्यानं पुढे अंतःप्रेरणा पारखण्याची आख्खी पद्धत उभी केली.

हे वाचलं आणि मी उठून माझी वही आणली. ‘मिटल्यावर’ हा रकाना माझ्याकडे होताच! फक्त मी तो पुस्तक मिटल्या मिटल्या भरत होते. त्या वेळी सगळंच छान वाटतं. आता तो अर्ध्या तासानं भरायचं ठरवलं, मध्ये दुसरं काहीतरी काम करून.

निकाल मला अपेक्षित होते तसे आले नाहीत. माझा अंदाज सरळ होता: आध्यात्मिक वाचलं की शांत, रहस्यकथा वाचली की चुळबुळ. वहीत मात्र एका साध्या गुप्तहेरकथेपुढे लिहिलं आहे, ‘मन स्वच्छ. झोप छान.’ आणि भाष्याच्या एका बैठकीपुढे लिहिलं आहे, ‘आपण काहीतरी थोर वाचतो आहोत असं वाटलं. नंतर आवाज केला म्हणून घरच्यांवर ओरडले.’ अशा नोंदी एकदा नाही, चार वेळा. म्हणजे दोष भाष्याचा नव्हता. मी ते वाचत नव्हते, मिरवत होते, आणि प्रेक्षकही मीच होते.

सहावा ते आठवा

इथे सगळं पालटलं, म्हणून इथे जरा थांबते.

सॉक्रेटिसच्या आतल्या आवाजाबद्दल आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलेलं असतं. मला एक तपशील माहीत नव्हता. प्लेटोनं लिहिलेल्या, खटल्यातल्या बचावाच्या भाषणात सॉक्रेटिस सांगतो की हा आवाज लहानपणापासून येतो, पण आला की नेहमी थांबवतो. अमुक कर असं तो कधीच सांगत नाही. झेनोफननं मात्र लिहिलंय की तो आवाज काय करावं हेही सांगायचा. दोघेही शिष्यच, पण मला प्लेटोचं म्हणणं पटलं. का, ते सांगते.

एका संध्याकाळी वाचताना हात फोनकडे निघाला. आणि तो निघण्याच्या किंचित आधी काहीतरी झालं. शब्द नाही, आवाजही नाही. छातीच्या मधोमध बारीकशी ओढ, मागे खेचणारी. फार तर दोन सेकंद. मी थांबले तर ती विरली. पुढच्या वेळी थांबले नाही, तर तीही पुन्हा आली नाही. जणू एकदा सांगून झालं, आता तुझं तू बघ.

मग आठवायला लागले. पहिल्या तीन आठवड्यांत दर नवं पुस्तक उचलताना हेच झालं होतं की! मी ‘हे घे’ ऐकायला कान लावून बसले होते, त्यामुळे ‘राहू दे’ ऐकूच आलं नाही. ‘हे घे’ म्हणणारा आवाज मोठा, उत्साही आणि कारणं देणारा असायचा. हा दुसरा कारणं देत नाही.

तेव्हापासून कौल मागणं बंद केलं. फक्त ‘नको’ टिपायचा, आणि शक्य तिथे ऐकायचा. वाचनाचा वेळ इथून वाढायला लागला. मी वेळापत्रक आखलं नाही, पहाटे उठले नाही. रात्री झोपताना बातम्या चाळायचे, तिथे ‘नको’ आला: वीसेक मिनिटं सुटली. एका मालिकेचा पुढचा भाग लावताना आला: पाऊण तास. गटातल्या एका न संपणाऱ्या वादात उत्तर टंकताना आला. तिथे किती वेळ वाचला ते मोजवत नाही. सुटलेला सगळा वेळ काही पुस्तकात गेला नाही. बराचसा नुसता बसण्यात गेला. पण त्यातला जेवढा पुस्तकाकडे वळला, तेवढ्यानंही वहीतले आकडे हलले.

एक व्यवहाराची गोष्ट. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, हा सल्ला सगळेच देतात. मला तो जमला नाही, कारण शब्दकोश फोनमध्ये. शब्द बघायला उठायचं आणि अर्ध्या तासानं परत यायचं. शेवटी छापील कोश जवळ ठेवला आणि वेळ बघायला साधं टेबलावरचं घड्याळ. अडलेला शब्द आता पेन्सिलीनं अधोरेखित करते आणि बैठक संपल्यावर सगळे एकदम बघते. अर्धे अर्थ तोवर संदर्भानं कळलेले असतात.

आळस की आवाज

आठव्या आठवड्यात पेच पडला. जाड भाष्याचं तिसरं प्रकरण काढलं की ‘नको’. सलग पाच दिवस. हा तोच का? आळसही ‘नको’च म्हणतो, भीतीही तेच म्हणते.

क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांबद्दल वाचलं होतं. त्यांच्या सभेत लोक शांत बसतात आणि आतून प्रेरणा झाली तरच कुणी उठून बोलतो. पण त्या प्रेरणेवर ते डोळे मिटून विश्वास टाकत नाहीत. एखाद्याला मोठा निर्णय घ्यायचा असला की काही जण त्याच्यासोबत बसतात. त्यांनी सल्ला द्यायचा नसतो, फक्त प्रश्न विचारायचे असतात. मी ताईला बसवलं आणि नियम सांगितला. सल्ला न देता अर्धा तास काढणं ताईला किती जड गेलं असेल ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला ती म्हणाली, “तुला पुस्तक नको आहे, की ते वाचताना जी तू असतेस ती नको आहे?”

मी बराच वेळ काही बोलले नाही. मग ‘मिटल्यावर’च्या त्या चार नोंदी तिला दाखवल्या.

आळस कसा ओळखायचा, तेही याच काळात थोडंफार कळलं. आळस युक्तिवाद करतो. आज थकली आहेस, उद्या सलग वाच, त्यानं जास्त समजेल. शिवाय तो ऐकला की बरं वाटतं आणि तासाभरानं अपराधी वाटतं. इग्नेशियसची कसोटी इथेही चालली.

नववा ते अकरावा

भाष्य बाजूला ठेवलं आणि सातांपैकी सगळ्यात पातळ पुस्तक घेतलं. रोज चार पानं. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की आत्मा ऐकावा, त्याचं मनन करावं, निदिध्यास घ्यावा. बाराव्या शतकातल्या गिगो (दुसरा) नावाच्या ख्रिस्ती मठवासीनं वाचनाच्या शिडीला चार पायऱ्या दिल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं तन्मय होणं. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं आणि मनन म्हणजे तो चावणं, असं तो म्हणतो. मी आजवर घास कोंबत आले होते. आता चार पानं वाचून पुस्तक मिटते आणि तेवढाच वेळ गप्प बसते. तो वेळही वाचनातच धरते. यावर इथे काही जण भांडणार हे माहीत आहे.

भांडायला आकडे देते. पहिल्या आठवड्यात १०० मिनिटं होती, बाराव्यात ३६५. दिवसाला सरासरी ५२. पानांचा वेग मात्र तासाला ३१ वरून १९ वर आला. पानं मोजणाऱ्यांच्या शर्यतीत मी आता शेवटून पहिली असेन. फोनच्या रेघा एका बैठकीला दोन-तीन. शून्य फक्त एकदाच, आणि त्या दिवशी फोन चार्ज नव्हता.

बारावा आठवडा

सातांपैकी एक संपलं. दोन चालू आहेत. चार परत कपाटात, त्यांच्यातले धागे काढून. त्या चारांत जाड भाष्यही होतं.

खटल्याच्या शेवटी, मृत्युदंड झाल्यावर, सॉक्रेटिस सांगतो की आज सकाळी घरून निघताना, इथे येताना, बोलताना, माझ्या आवाजानं मला एकदाही अडवलं नाही. एरवी तो क्षुल्लक गोष्टींतही मध्ये पडतो. तेव्हा जे घडतंय ते वाईट नसावं. ही इसवी सनापूर्वी ३९९ मधली गोष्ट. माझ्या बाबतीत पणाला एक रात्र आणि डोळ्यांवरची झोप एवढंच होतं, पण काल जेवणं आटोपल्यावर मी कपाट उघडलं आणि भाष्यावर हात ठेवून थांबले. मुद्दाम बराच वेळ. घरात सगळे झोपले होते, म्हणजे मिरवायला कुणी नव्हतं. आतूनही काही आलं नाही.

कालची नोंद: सुरुवात ९:४०, शेवट १०:१५, जाड भाष्य, पहिल्यापासून, ३ पानं. ‘मिटल्यावर’ रिकामा आहे. तो भरायच्या आत झोप लागली.