कापलेल्या स्ट्रिपमधली गोळी

आमचा भाग द्राक्षांचा. घरोघरी फवारणीच्या औषधाचे डबे, त्यामुळे काहीतरी खाल्लेलं पोर कॅज्युअल्टीत आलं की पहिला संशय त्याच्यावरच. त्या दुपारी अडीच वर्षांचा मुलगा आईच्या खांद्यावर मान टाकून आला, तेव्हा सिस्टरनी सवयीने त्या विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, काढून ठेवलं होतं. पण फवारणीच्या विषात बाहुल्या बारीक होतात, तोंडातून लाळ गळते. याच्या बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं ठाक, गाल लालबुंद, अंग तापलेलं, नाडी 170. ॲट्रोपिननेही नेमकं हेच होतं; ते देणं म्हणजे आगीत तेल झालं असतं.

“धोतऱ्याची बोंडं खाल्ली असणार,” आजोबा छातीठोकपणे म्हणाले. लक्षणं जुळत होती. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायचा प्रयोगही उरकला होता. गुंगीतल्या पोराला उलटी काढायला जाऊ नये, ती श्वासनलिकेत जाते; किती वेळा सांगायचं देव जाणे.

ईसीजी काढला. नाडी नुसती पळत असती तर मीही धोतऱ्यावर थांबले असते. पण क्यूआरएस, म्हणजे प्रत्येक ठोक्याची कागदावर उमटणारी टोकदार रेघ, रुंद, 130 मिलिसेकंद, आणि एव्हीआर नावाच्या पट्टीत त्या रेघेचं ‘आर’ टोक वर उंच गेलेलं. हे काही गोळ्यांचं काम. मी आईला विचारलं, “घरात झोपेची, डोक्याची, नसांची गोळी कुणाला चालू आहे?”

“आत्यांना, माझ्या सासूबाईंना. नागीण झाली होती ना, पाठ अजून जळते त्यांची.”

दीर गाडीवरून पुडी घेऊन आला. कागदी पाकीट, त्यात कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा. नावाचा पुढचा भाग कुणा दुसऱ्या पेशंटच्या घरी गेलेला! आमच्या वाट्याला आलं होतं ‘मिट्रिप्टिलीन’ आणि ‘25’. तेवढं पुरलं. अमिट्रिप्टिलीन. आजी म्हणाल्या, सकाळी सहा होत्या, आता दोन उरल्यात. म्हणजे 100 मिलिग्रॅम, पोराचं वजन 12 किलो. किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या वर गेलं की लहान मुलांत गंभीर धरायचं. इथे आठच्या वर होतं.

ही गोळी जास्त झाली की हृदयाच्या पेशींत सोडियम शिरायच्या वाटा अडवते. मग ठोका रेंगाळतो, रक्तदाब पडतो, झटके येतात, आणि बिघडायचं ते बहुधा पहिल्या सहा तासांत बिघडतं. उपाय म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, जे छोट्या दवाखान्यातही असू शकतं. किलोमागे 1 ते 2 मिलिइक्विव्हलंटच्या हिशोबाने शिरेतून दिलं, मॉनिटरवरून नजर न हलवता. पुढच्या ईसीजीत क्यूआरएस 100 वर आला. बायकार्बच्या जास्तीच्या अँप्यूल बरोबर देऊन 108 ने त्याला जिल्ह्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन केला तर साहेब बिस्किटासाठी रडत होते.

गाडी गेल्यावर व्हरांड्यात वेगळंच सुरू झालं. दिराने मोबाइलवर नाव शोधलं होतं. “मॅडम, ही तर डिप्रेशनची गोळी! आमच्या आईला वेडाची गोळी दिली?” डिप्रेशन म्हणजे वेड नव्हे, हे आधी सांगितलं. मग, नागिणीनंतरच्या जळजळीला हीच गोळी कमी डोसमध्ये रात्री देतात, डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही, हेही सांगितलं. मला राग होता तो कात्रीचा. अशी गोळी अख्ख्या स्ट्रिपमध्ये, नावासकट द्यावी आणि घरात कुलपात राहावी, एवढीच अपेक्षा.

आजी मात्र हटून बसल्या. “आता त्या गोळीला हात लावायची न्हाई मी.” एकदम बंद केली तर मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं असं होतं, सोडायचीच तर डॉक्टरांना विचारून हळूहळू. या गोळीने त्रास वाढू शकतो म्हणून काचबिंदू आहे का, लघवी अडते का, उठताना भोवळ येते का, सगळं विचारून घेतलं. तोंड सुकतं आणि पोट साफ होत नाही, एवढीच तक्रार निघाली. “आणखी कुठली गोळी?” म्हटल्यावर पिशवीतून दुसरी पुडी आली. गुडघ्यासाठी, दुसऱ्या डॉक्टरांची. तुकड्यावर नाव शाबूत होतं : ट्रॅमाडॉल. अमिट्रिप्टिलीनबरोबर घेतली तर झटक्यांचा धोका वाढवणारी. त्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि गुडघ्याला दुसरं काय देता येईल ते ठरवून घेतलं.