कोंडीचं तोंड

गोल्फ कोर्सवर मार्शलचं, म्हणजे खेळ वेळेत पुढे सरकतोय ना ते पाहण्याचं, काम करणाऱ्याला दिवसभर एकच तक्रार ऐकू येते: "पुढचे लोक फार हळू खेळतायत." पहिला गट सोडला तर कुणीही ही तक्रार करू शकतो, आणि करतोच. बहुतेक वेळा ती खरी असते. पण ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं ते दोषी नसतात, कारण तेही कुणाच्या तरी मागे ताटकळत उभे असतात. मी हे काम ज्या दिवसामुळे वेगळ्या नजरेने करायला लागलो, त्या दिवसाबद्दल लिहितो आहे.

सभासदांची स्टेबलफोर्ड, म्हणजे प्रत्येक होलवर गुण मिळणारी, स्पर्धा होती. चौघांचा एक असे अठरा गट, दर दहा मिनिटांनी एक, पहिला सकाळी 7 वाजता. शेवटचा गट 9:50 ला सुटेपर्यंत मला स्टार्टरच्या मदतीला पहिल्या टीवर (होल जिथून सुरू होतो त्या जागी) थांबायचं होतं. तो गट सोडून मी बग्गीत बसतो न बसतो तोच वॉकीटॉकीवर सहाव्या होलवरच्या कॅडीचा आवाज आला. "साहेब, लगेच या. मागच्यांनी पुढच्यांवर बॉल मारलाय."

सहावा होल पार पाचचा, म्हणजे पाच शॉट्समध्ये पूर्ण होणं अपेक्षित असलेला. नववा गट ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवर, पुट करत होता (बॉल हळूच ढकलून भोकात घालत होता) आणि दहावा गट फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर, बराच वेळ खोळंबला होता. त्यांच्यातल्या एकाने फेअरवे वूड हा लांब मारायचा क्लब काढून बॉल मारला. तो ग्रीनच्या अलीकडे टप्पा घेऊन पुटवर वाकलेल्या बाईंच्या पायांपासून चार पावलांवरून निघून गेला. "फोर!" अशी सावध करणारी हाळी कुणीच दिली नव्हती. गोल्फचा बॉल 45.93 ग्रॅमपर्यंतचा असतो, म्हणजे तळहातावर त्याचं वजन जाणवतही नाही. पण सामान्य खेळाडूच्या ड्रायव्हरवरून (सगळ्यात लांब मारायच्या क्लबवरून) सुटताना त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातो. फेअरवे वूडचा थोडा कमी, इतकाच फरक. डोळ्यावर किंवा कानशिलावर बसला तर काय होतं, ते या खेळात थोडा काळ काढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मी आधी ग्रीनवर गेलो. बाईंच्या हातात पुटर तसाच होता आणि हात थरथरत होते. "मॅडम, लागलं तर नाही ना?" विचारल्यावर त्या म्हणाल्या, "लागलं नाही. पण चुकून आला असता तर ओरडले असते ना ते?" त्यांनी नेमकं ओळखलं होतं. बॉल मारणाऱ्या गृहस्थांनी आधी "मला वाटलं पोचणार नाही" असं सांगितलं आणि मग, न विचारताच, "तसंही त्यांना जरा जाग यायला हवी होती" हेही बोलून गेले.

मी त्यांना जागेवर थांबवलं आणि त्यांचं म्हणणं शब्दशः लिहून घेतलं. मार्शल म्हणजे पंच नव्हे. कुणाला बाद करायचा अधिकार मला नाही, तो कमिटीचा. नियम 1.2 प्रमाणे गंभीर गैरवर्तनाबद्दल कमिटी खेळाडूला बाद करू शकते, आणि दुसऱ्याच्या अंगावर जाणूनबुजून बॉल मारण्याहून गंभीर काय असेल? "सर, हे कमिटीकडे जाणार," इतकंच मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मग हेही लिहा, की आम्ही वीस मिनिटं इथे उभे आहोत." मी तेही लिहिलं. खरंच होतं ते.

आता ही वीस मिनिटं कुणी खाल्ली ते शोधायचं होतं. कोंडी दिसते ती शेपटाकडे, तिचं तोंड कुठेतरी पुढे असतं. ते सापडायची एकच खूण: ज्या गटाच्या पुढे मोकळं रान आणि मागे रांग, तो गट. म्हणून वाटेत कुणाला न टोकता मी पुढे पुढे जात राहिलो. पार तीनच्या सातव्या टीवर आठवा गट बॅगा टेकवून बसला होता. ग्रीनवरून नुकताच उतरलेला सातवा गट आठव्या टीवर थांबला होता. आठव्या फेअरवेवर सहावा गट. नवव्या टीवर तर चौथा आणि पाचवा असे दोन गट एकत्र उभे. सगळ्यांनी मला हातवारे करून पुढेच दाखवलं. नवव्या होलच्या उजवीकडच्या उंच गवतात, म्हणजे रफमध्ये, तिसऱ्या गटाचे चौघेही वाकून बॉल शोधत होते. त्यांच्या पुढे दहावा होल रिकामा, अकरावा रिकामा, आणि दुसरा गट बाराव्यावर पोचलेला.

गेल्या गेल्या टोकायचं नाही, असा माझा रिवाज आहे. आधी पाहायचं. मी झाडाखाली बग्गी लावली आणि घड्याळाकडे पाहिलं. 2019 च्या नियमांपासून बॉल शोधायला तीन मिनिटं मिळतात, त्याआधी पाच मिळायची. मी आल्यानंतरच तीन मिनिटं उलटली आणि शोध चालूच होता. शेवटी ज्याचा बॉल हरवला होता तो टीच्या दिशेने परत चालायला लागला. पहिला बॉल रफकडे जाताना दिसत असूनही त्याने प्रोव्हिजनल (पहिला हरवला तर परत यावं लागू नये म्हणून टीवरूनच मारून ठेवायचा दुसरा बॉल) मारलेला नव्हता. टीवर तीस सेकंद खर्च झाले असते तर हे सगळं वाचलं असतं. त्यात आता आठ जण टीवर खोळंबलेले असताना हा त्यांच्यातून वाट काढत जाणार होता.

मी बग्गी पुढे घेतली आणि त्याला थांबवलं. "सर, दोन मिनिटं इकडे या. आधी मागच्या दोन गटांना पुढे जाऊ देऊ." गटातले सगळ्यात अनुभवी काका चिडले. "स्पर्धेत असं कुठे असतं?" असतं. पुढे रान मोकळं असेल तर मागच्यांना वाट देणं हा सगळ्यांच्याच फायद्याचा मार्ग आहे. पुढे जागाच नसेल तर मात्र वाट देऊन काही साधत नाही, उलट गोंधळ वाढतो. इथे दोन होल मोकळे होते. चौथा आणि पाचवा गट पुढे गेले. त्यांनी जाताना आभार मानले, कुणी कडू बोललं नाही, आणि तिसऱ्या गटाच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच थोडा उतरला.

मग काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो मुलगा नवा आहे हो. त्याच्यामुळे होतंय. सांभाळून घ्या." विशीतला एक मुलगा खरंच नवखा होता. आपल्यामुळे सगळे खोळंबलेत या धास्तीने तो दोन शॉट्सच्या मध्ये धावत होता आणि धावल्यामुळे आणखी वाईट मारत होता. त्यांना मी नववा होल पूर्ण करताना पाहिलं आणि दहाव्यावरही त्यांच्यासोबत राहिलो. मला दिसलं ते काकांच्या सांगण्याहून वेगळं होतं. मुलाची पाळी आली की तो दहा-बारा सेकंदांत बॉल मारत होता. वेळ जात होता तो त्याच्याभोवती. तो उभा राहिला की तिघे सरसावायचे: डोकं खाली ठेव, ग्रिप सैल कर, सात नंबर नको आठ घे. चौघे मिळून एका बॉलकडे जायचे, तो मारून झाला की चौघे मिळून दुसऱ्याकडे. आपल्या बॉलजवळ पोचल्यावर मग अंतर मोजायचा रेंजफाइंडर निघायचा, मग हातमोजा चढायचा, मग वाऱ्याची चर्चा. ग्रीनवर बॅगा अलीकडच्या काठाला ठेवलेल्या, म्हणजे पुट संपल्यावर पुढच्या टीकडे निघायच्या आधी उलटं चालत येणं आलं. आणि झेंडा जागेवर ठेवून तिथेच उभं राहून कार्ड लिहिणं. मागचे फेअरवेवर उभे राहून हे सगळं बघतायत.

चौघेही सभ्य माणसं होती. वाळूचे बंकर रेकने नीट सारखे करत होते, बॉल पडून ग्रीनवर झालेले खड्डे, म्हणजे पिचमार्क, बुजवत होते, कुणी पुट करत असताना श्वाससुद्धा जपून घेत होते. त्यांना शिष्टाचार ठाऊक नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही. त्यांच्या शिष्टाचारात मागच्या माणसाच्या वेळेला जागा नव्हती, एवढंच. आणि माझ्या मते ती जागा बंकरच्या रेकइतकीच वरची आहे.

दहाव्या ग्रीनजवळ मी त्यांना एक हिशोब सांगितला. नियम 5.6 मध्ये पाळी आल्यावर 40 सेकंदांत, आणि जमेल तिथे त्याहून लवकर, बॉल मारावा अशी शिफारस आहे. चौघे प्रत्येकी नव्वद शॉट्स मारतात असं धरलं तर एका फेरीत 360 शॉट्स होतात. प्रत्येक शॉटमागे दहा सेकंद जास्त गेले की झाला एक तास. धावायची गरजच नाही. दुसरा मारत असताना आपलं अंतर मोजून, क्लब ठरवून तयार राहायचं. ज्याची तयारी झाली आणि ज्याच्यापासून कुणाला धोका नाही त्याने आधी मारायचं, स्ट्रोक प्लेमध्ये (स्टेबलफोर्ड त्याचाच एक प्रकार) नियमच तसं सुचवतात. आणि स्टेबलफोर्ड असल्याने नेट डबल बोगी (आपल्या सवलतीचे शॉट्स वजा करूनही पारपेक्षा दोन जास्त) झाली की त्या होलवर गुण शून्य, म्हणजे पुढे कितीही पुट केले तरी उपयोग नाही. बॉल उचलायचा. हे मी मुलाकडे बघून मुद्दाम सांगितलं: "यात कमीपणा काही नाही, खेळाच्या या प्रकारात ती सोयच आहे." "चालतं तसं?" त्याने विचारलं. त्याला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. तीन जण ग्रिप शिकवत होते, हे कुणीच शिकवलं नाही याचा मला राग आला, आणि तो अजून आहे.

गटातल्या तिसऱ्याने विचारलं, "पण आमच्यासारख्या हौशी लोकांना कुठे दंड होतो?" मी त्यांना ग्वान त्यानलांगची आठवण दिली. 2013 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत हा चिनी मुलगा 14 वर्षांचा होता, हौशी खेळाडू म्हणूनच खेळत होता. आधी ताकीद मिळाली होती. तरी दुसऱ्या फेरीत सतराव्या होलवर संथ खेळाबद्दल त्याला एका शॉटचा दंड झाला. त्याने वाद न घालता तो स्वीकारला आणि कट पार करून पुढच्या फेऱ्यांत पोचला. गट गप्प झाला. त्यांना दंड झाला नाही, ताकीद दिली. अकराव्यापासून ते पाचव्या गटाच्या पाठोपाठ राहिले. मुलाने दोन होलवर बॉल उचलला आणि उरलेल्यांवर, काकांच्याच शब्दांत, "सुधारला एकदम."

मागची कोंडी मात्र लगेच सुटली नाही. तोंड मोकळं झालं तरी पार तीनच्या होलवर एका वेळी एकच गट खेळू शकतो, त्यामुळे साचलेली रांग तिथे हळूहळूच पाझरते. शेवटच्या गटाला फेरी संपवायला पाच तास लागले. त्यांना कारण कळलंही नसेल.

संध्याकाळी कमिटीने बॉल मारणाऱ्या गृहस्थांना बाद केलं. ते तावातावाने म्हणाले, "ज्यांनी सगळ्यांचा दिवस खाल्ला त्यांना नुसती ताकीद, आणि मला हे?" प्रश्न अगदीच वावगा नव्हता, आणि मला बोलायला सांगितलं म्हणून मी बोललो. ज्या बाईंवर बॉल आला त्याही त्यांच्याइतकाच वेळ ताटकळल्या होत्या, आणि ज्यांनी उशीर केला ते तीन होल पुढे होते. राग निघाला तो भलत्यावरच. पण समजा तिथे खरे दोषीच उभे असते, तरी माझं मत बदललं नसतं. वीस मिनिटांचा उशीर भरून काढता येतो, गेलेला डोळा नाही. गृहस्थ निघून गेले. बाईंना त्यांनी माफीची चिठ्ठी पाठवल्याचं मला नंतर कळलं.

पुढच्या स्पर्धेपासून कमिटीने माझी जागा बदलली. आता मी शेवटचा गट सुटेपर्यंत पहिल्या टीवर थांबत नाही. सुरुवातीचे गट गेले की दुसऱ्या ते चौथ्या होलच्या आसपास फिरतो, आणि गट दिसला की त्याच्या मागे न बघता पुढे बघतो. अंतर तिथेच पडायला लागतं. तेव्हा ते तीन-चार मिनिटांचं असतं आणि "सर, पुढच्या टीवर जो तयार असेल त्याने आधी मारा" एवढं सांगून मिटतं. नवव्यावर पोचेपर्यंत तेच अर्ध्या तासाचं झालेलं असतं.