बॅकअप होता, पण किल्ली आतच राहिली होती: माझा अनुभव

आमच्या संस्थेचा बॅकअप माझ्या गळ्यात पडला तेव्हा आधीचा माणूस जाताना एवढंच सांगून गेला, "रोज सकाळी हिरवा मेल येतो का बघ, बाकी काही करावं लागत नाही." मीपण सहा महिने तेच केलं. मेल हिरवा, म्हणजे रात्रीचा बॅकअप पास, मी खूष.

मग ऑडिटवाल्या मॅडमनी विचारलं, शेवटचं रिस्टोअर कधी केलंत? आता कुणाची चुकून डिलीट झालेली फाइल काढून द्यायचो मी, पण आख्खा सर्व्हर परत उभा केलाय असं कधी झालंच नव्हतं.

तिथून सगळं नव्याने मांडायला घेतलं. प्रत्येक डिपार्टमेंटला दोनच प्रश्न विचारायचे होते, किती वेळाचा डेटा गेला तर चालेल आणि किती वेळ बंद राहिलं तर चालेल. पहिल्या मीटिंगला मी याच दोन प्रश्नांची तांत्रिक नावं, आरपीओ, आरटीओ असले शब्द फेकले, सगळ्यांनी माना डोलावल्या, नंतर कळलं की कोणाला ओ की ठो कळलेलं नाही. साध्या भाषेत विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, काहीच जाऊ नये आणि लगेच चालू व्हावं. मग मी फळ्यावर हिशोब मांडला. एकूण डेटा १८० टीबी, लाइन १० गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला सव्वा जीबी, तासाला साडेचार टीबी, सगळं परत आणायचं तर सलग ४० तास, तेही पुस्तकी वेगाने, आणि पुस्तकी वेग मी अजून डोळ्यांनी बघितलेला नाही. हे ऐकल्यावर लोक खरं बोलायला लागले. अकाउंट्सवाले १५ मिनिटांपेक्षा जास्त डेटा गमवायला तयार नव्हते, पण डिझाइनवाले स्वतःहून म्हणाले की आमचे जुने प्रोजेक्ट आठवड्याने आले तरी चालतील. शेवटी खरोखर घाईचा डेटा निघाला फक्त ११ टीबी.

मग प्लॅन आपोआप सुचत गेला. अकाउंट्सच्या डेटाबेसचे लॉग (बदलांच्या नोंदी) दर १५ मिनिटांनी, बाकीच्यांचा रोज रात्री इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त बदललेलं तेवढं, आणि फुल बॅकअप तुकडे करून वेगवेगळ्या वीकेंडला, कारण रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत १८० टीबी बसणारच नव्हते. तीन कॉपी, दोन प्रकारच्या मीडियावर, एक बाहेरच्या जागी, हा ३-२-१ चा नियम सगळ्यांना पाठ असतो, आमची "दुसरी कॉपी" मात्र त्याच रूममध्ये शेजारच्या रॅकला होती. बाहेरच्या जागेसाठी पैसे मागताना मी साहेबांना १० मार्च २०२१ ची फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गची, ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरची आग सांगितली, तिथे काही ग्राहकांचे सर्व्हर आणि बॅकअप एकाच आवारात होते, दोन्ही गेले. पैसे मिळाले.

कपाटात जुन्या एलटीओ-५ टेप (बॅकअपच्या टेपची पाचवी पिढी) सापडल्या तो वेगळाच ताप. आमचा ड्राइव्ह एलटीओ-८ चा, तो ७ आणि ८ च वाचतो. आधीच्या पिढ्यांचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचे, ते सुख ८ पासून गेलं. त्या टेप वाचायला एलटीओ-७ चा ड्राइव्ह भाड्याने आणावा लागला.

आणि मग ड्रिल, म्हणजे रंगीत तालीम. वेगळं नेटवर्क, कोरे सर्व्हर, आणि आपलं काहीच शिल्लक नाही असं धरून चालायचं. पहिल्याच स्क्रीनवर सॉफ्टवेअरने एन्क्रिप्शनचा, म्हणजे कुलूपबंद बॅकअप उघडायचा पासवर्ड मागितला. तो पासवर्ड व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्ड जपून ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. व्हॉल्ट एका व्हीएमवर (व्हर्च्युअल सर्व्हरवर). आणि ती व्हीएम, बरोबर, त्याच बॅकअपमध्ये! दोन मिनिटं आम्ही तिघं एकमेकांकडे नुसते बघत बसलो. खरा व्हॉल्ट चालू होता म्हणून निभावलं, नाहीतर सगळा डेटा हातात असून उपयोग शून्य.

ते झालं तर बॅकअप सर्व्हरला लॉगिन होईना, कारण लॉगिन डोमेनचं (सगळ्या ऑफिसची लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) आणि डोमेन अजून उभंच केलेलं नव्हतं. पुढे एक डेटाबेस उघडेना. बॅकअप सॉफ्टवेअरच्या नोंदी खणल्यावर दिसलं की ती फाइल रोज वापरात असायची म्हणून रोज सोडून दिली जायची, त्याची वॉर्निंग पण यायची, पण हिरव्या मेलच्या हिशोबात वॉर्निंग म्हणजे पासच. म्हणजे मी सहा महिने रोज सकाळी नक्की काय बघत होतो देव जाणे.

आता पासवर्ड कागदावर, सीलबंद, दोन ठिकाणच्या तिजोऱ्यांत आहे. बॅकअपचं लॉगिन डोमेनच्या बाहेर काढलं, म्हणजे रॅन्समवेअर (डेटा अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) डोमेनमध्ये शिरलं तरी तिथे सरळ हात जाणार नाही, आणि एक कॉपी ३० दिवस अ‍ॅडमिनलासुद्धा डिलीट करता येत नाही. वॉर्निंगचा मेल लाल केला, त्यामुळे पहिले दोन आठवडे मेलबॉक्स रक्तबंबाळ.

दुसऱ्या ड्रिलला ते ११ टीबी उभे करायला ६ तास ४० मिनिटं लागली, ठरलं होतं ४ तास, म्हणून अकाउंट्सवाले अजून नाराजच आहेत. तिसरं ड्रिल पुढच्या महिन्यात. त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकलीये, फोनही बंद ठेवणार आहे, ज्युनिअर मंडळींनी फक्त कागदावर लिहिलंय त्यावरून सगळं उभं करायचंय.