एका पॅचचे सात पॅच

आज दिवसभरात नवीन कोडची एक ओळही लिहिली नाही, तरी खूप काम झाल्यासारखं वाटतंय.

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, एका ड्रायव्हरमधली (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमधली) चूक गेल्या आठवड्यात सुधारली होती. दुरुस्ती जेमतेम ५ ओळींची. पण हात घातलाच आहे तर म्हणून दोन फंक्शनची नावं बदलली, एक लांबलचक फंक्शन फोडलं. सगळं मिळून ४०० ओळींचा एकच पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचा एकच गठ्ठा. टीममधल्या ताईंनी एवढंच विचारलं, "यात चूक नेमकी कुठे सुधारलीस, दाखव बरं." मलाच शोधावं लागलं.

मग आज तो पॅच फोडायला नेटाने बसले. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची 'गिट ॲड -पी' ही आज्ञा बदलाचा एकेक तुकडा समोर ठेवते आणि घ्यायचा का विचारते. तुकडा मोठा वाटला तर 'एस' दाबून आणखी फोडायचा. हे सोपं. अवघड हे, की प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड व्हायलाच हवा, म्हणजे कोडपासून चालणारा कर्नल तयार व्हायलाच हवा. नाहीतर बिघाड कुठल्या बदलाने आला ते शोधणारं गिट बायसेक्ट अडतं. ते दर वेळी निम्मे कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) बाद करत हजारातला बिघडलेला कमिट दहाएक चाचण्यांत गाठतं. माझा तिसरा पॅच मोडलाच! फंक्शनचं नवं नाव हेडरमध्ये (फंक्शनची नावं जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) चौथ्या पॅचमध्ये येत होतं.

संध्याकाळी ७ पॅच पाठवले. दुरुस्ती सर्वांत आधी, म्हणजे जुन्या स्टेबल कर्नलसाठी (मुख्यतः दुरुस्त्याच घेणाऱ्या आवृत्त्यांसाठी) ती एकटी उचलता येईल. ताईंनी तासाभरात सगळे वाचले आणि सहाव्यात बोट ठेवलं: एरर आल्यावर लॉक (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप) सोडायचंच राहिलंय. आधीच्या ४०० ओळींत ते कुणालाच दिसलं नव्हतं. उद्या सकाळी पहिलं काम तेच.