हत्यारं खाली ठेवणाऱ्यांची तीन मिनिटं

दर ऑक्टोबरात एका शनिवारी आमच्या डेंटल हायजिनिस्टांच्या स्थानिक संघटनेची वार्षिक सभा भरते. ऑक्टोबरच का, तर अमेरिकेत हा महिना डेंटल हायजिनचा म्हणून पाळतात. कनेटिकट राज्य नकाशावर शोधावं लागतं एवढंसं, आणि त्यात आमची शाखा म्हणजे ओळखीच्या चेहऱ्यांचा गोतावळा. पण इथल्या हायजिनिस्टांना एक ताठा आहे आणि तो आता मलाही चांगलाच लागलाय. हा पेशा जन्मला तोच मुळी इथे. ब्रिजपोर्टच्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या दवाखान्यातल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना लोकांचे दात साफ करायला शिकवलं. १९१३ मध्ये त्यांनी गॅरेजात शाळा काढली आणि पुढच्या वर्षी पहिल्या तुकडीतून २७ जणी बाहेर पडल्या. त्याच १९१४ साली कनेटिकटची संघटना उभी राहिली आणि न्यूमनबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. देशपातळीवरची संघटना आली १९२३ मध्ये. म्हणजे थोरल्या आम्हीच! सभेत दर वर्षी कुणीतरी हे सांगतं आणि दर वर्षी आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारख्या टाळ्या वाजवतो.

हायजिनिस्ट म्हणजे कोण, हे अजून आमच्या मिरजेच्या घरी नीट कळलेलं नाही. मामा सगळ्यांना सांगतो, "भाची तिकडे दातांची डॉक्टर आहे." मी दातांवरचं कीटण काढते, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी दात आणि हिरडीमधली फट किती खोल आहे ते मोजते, तोंडात काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांना दाखवते आणि उरलेल्या वेळात लोकांना फ्लॉस कर, म्हणजे दातांच्या फटींतून दोरा फिरव, फ्लॉस कर म्हणून विनवते. भारतातही १९४८ च्या डेंटिस्ट कायद्यात हायजिनिस्टांच्या वेगळ्या नोंदवहीची तरतूद होती, हे मी मामाला एकदा सांगून पाहिलं. "असू दे, आपण डॉक्टरच म्हणू," म्हणाला.

सभेचा सकाळचा भाग मी पटकन उरकते. कॉलेजचा हॉल, दाराशी नावांचे बिल्ले, कॉफी, बेगल. मागच्या वर्षीचं इतिवृत्त वाचून मंजूर, खजिनदारांचा अहवाल मंजूर, घटनेतल्या कुठल्याशा कलमात दुरुस्ती, कुणीतरी मांडते, कुणीतरी अनुमोदन देते, हात वर, हात खाली. मग एखाद्या पाहुण्यांचं व्याख्यान. भिंतीलगत कंपन्यांची टेबलं असतात. तिथे पेस्टच्या इवल्या ट्यूबा नि फ्लॉसच्या डब्या वाटतात, आणि ज्यांच्या घरी हेच सगळं खोक्यांनी पडलंय त्याच बायका पिशव्या भरभरून नेतात. सोडतीत पहिलं बक्षीस हमखास इलेक्ट्रिक टूथब्रशचं. तो लागलेल्या बाईचा चेहरा बघण्यासारखा असतो.

एक टेबल मात्र मी कधी चुकवत नाही. कोपऱ्यात एक सत्तरीच्या बाई धार लावायला शिकवतात. आम्ही कीटण खरवडायला वापरतो त्या क्युरेट नावाच्या हत्याराचं पातं नखाएवढंही नसतं. बाई हत्यार डाव्या मुठीत घट्ट धरतात, कोपर टेबलावर टेकवतात, पात्याचा वरचा भाग जमिनीला समांतर ठेवतात आणि उजव्या हातातला दगड थोडासा बाहेर कलता करून वरखाली सरकवतात. मग दिव्याखाली धरून दाखवतात. धार बोथट असेल तर कडेवर उजेडाची रेघ चमकते. धार लागली की ती रेघ दिसेनाशी होते. मग प्लास्टिकच्या कांडीवर टेकवून बघायचं, पातं निसटलं तर पुन्हा दगडावर. हल्ली धार लावायला यंत्रं आली आहेत, कीटण काढणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रांमुळे हाताचं कामही कमी झालंय, तरी त्या टेबलाभोवती कॉलेजच्या मुली दाटीवाटीने उभ्या राहतात. बाई त्यांना काही फार बोलत नाहीत. "कान दे," एवढंच म्हणतात. धार लागत आली की दगडाचा आवाज बदलतो, तो ऐकायला.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले, ते. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ असते, "निवृत्त होणाऱ्या सभासदांचे मनोगत, प्रत्येकी तीन मिनिटे." त्या वर्षी कायमची हत्यारं खाली ठेवणाऱ्या बायकांना एकेक करून पुढे बोलावतात. भाषण लिहून आणायचं नाही असा अलिखित नियम आहे. वेळ सांभाळायला एक बाई घंटी घेऊन बसतात. ती घंटी वाजलेली मी आजवर ऐकलेली नाही.

एक जण आयुष्यभर वृद्धाश्रमांत काम केलेल्या. आमच्या राज्यात १९९९ पासून दोन वर्षांचा अनुभव असलेली हायजिनिस्ट शाळांत, वृद्धाश्रमांत, सरकारी आरोग्यकेंद्रांत डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काम करू शकते. तो कायदा व्हावा म्हणून ज्या बायका बिनपगारी सुट्टी टाकून राजधानीला, हार्टफर्डला, आमदारांच्या दारात बसल्या, त्यांपैकी दोघी अजून सभेला येतात, पहिल्या रांगेत. या बाईंनी भाषणात त्यांच्याकडे बघून नुसतं डोकं हलवलं आणि मग कवळ्यांबद्दल बोलल्या. वृद्धाश्रमात कवळ्यांची सरमिसळ होते. एकीची दुसरीच्या पेल्यात जाते, मग ती बसत नाही, म्हातारी जेवत नाही, आणि सगळ्यांना वाटतं आता हिचं काही खरं नाही. या बाई प्रत्येक कवळीवर आतल्या बाजूने बारीक अक्षरात नाव घालायच्या. "माझ्या हातून एवढंच झालं," म्हणाल्या, "लोकांनी शेवटचं जेवण स्वतःच्या दातांनी केलं." शेजारची बाई माझ्याकडे टिश्यू सरकवत होती, तेव्हा मला कळलं की मी रडतेय.

दुसऱ्या एकीच्या मनगटाला पट्टा होता. या धंद्यात मनगट, मान नाहीतर खांदा, काहीतरी जातंच. त्यांनी एका रुग्णाची गोष्ट सांगितली. दर सहा महिन्यांनी येणारा, घाईतला, घड्याळ बघणारा माणूस. त्यांनी नेहमीसारखी गॉझने जीभ धरली, बाजूला ओढली, आणि कडेला, मागे, एक पांढुरका डाग दिसला, कधी कधी कॅन्सरची खूण असतो तसला. त्याला काही दुखत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी बघू. या म्हणाल्या, पुढच्या वेळी नाही, आत्ता पाठवू. पाठवलं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, फक्त एवढंच म्हणाल्या की नाताळात त्या माणसाचं कार्ड अजून येतं आणि त्यात तो दर वेळी लिहितो, "अजूनही फ्लॉस करत नाही." हॉलभर हशा झाला, आणि त्या हशातच अर्ध्या जणी डोळे पुसत होत्या.

तिसरी तर तीन मिनिटंही बोलली नाही. तिचे डॉक्टर मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माझ्या जागी आलेली पोरगी चांगली आहे. तिला नवीन स्टूल घेऊन द्या." आणि बसली. स्टूल आलं, असं नंतर कळलं.

मला या भाषणांनी इतकं का होतं, यावर मी विचार केलाय. डॉक्टरांनी बसवलेली कॅप वर्षानुवर्षं तोंडात दिसते. आमचं काम सहा महिन्यांत पुसलं जातं, पुन्हा तोच माणूस, पुन्हा तेच कीटण, खालच्या पुढच्या दातांच्या मागे, तिथेच. चाळीस वर्षं केलेल्या कामातलं बोट ठेवून दाखवावं असं काही उरत नाही. ते एकदा चार लोकांसमोर बोलायला मिळतं ते इथेच. २०२० मध्ये मार्चात दवाखाने बंद झाले, कित्येक जणी परत आल्याच नाहीत, आणि त्या वर्षीची यादी भलती लांब झाली. सभा झूमवर होती. एकीच्या मागून तिचे यजमान कपड्यांची टोपली घेऊन गेले, कुणीही हसलं नाही. तेव्हाही घंटीवाल्या बाई घंटी समोर ठेवून बसल्या होत्या.

आता राग. राग हजेरीचा आहे. लायसन्स चालू ठेवायला इथे दोन वर्षांत १६ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, आणि आमच्या सभेतल्या व्याख्यानाचे तास त्यात धरले जातात. त्यामुळे सकाळी हॉल भरलेला. व्याख्यान संपलं, प्रमाणपत्र हातात पडलं की गाड्या सुरू झाल्याचा आवाज. जेवणानंतर मनोगतं असायची, तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या. जिने चाळीस वर्षं लोकांचे दात राखले तिने रिकाम्या खुर्च्यांकडे बघून बोलायचं? गणपतीत आरती सोडून थेट प्रसादाच्या रांगेत उभे राहणारे असतात, तसला प्रकार. माझ्याकडे अध्यक्षपद आलं त्या वर्षी मी सुचवलं, प्रमाणपत्रं शेवटी द्या. केवढा गदारोळ! "मुलं आहेत, सॉकर आहे, आम्ही पैसे भरलेत." मुलं मलाही आहेत. मग दुसरी युक्ती केली. मनोगतं जेवणाच्या आधी आणली आणि स्वयंपाकघराचं दार त्यानंतर उघडायचं ठरवलं. जुन्या सभासदांपैकी काहींनी परंपरेचा मुद्दा काढला, मतदान झालं, ठराव थोडक्यात पास झाला. माझ्या कारकिर्दीतलं दुसरं काही कुणाच्या लक्षात नसेल. हे आहे. भुकेली माणसं कुठे जात नाहीत.

अध्यक्ष मी कशी झाले, तर फोन उचलला म्हणून. आमच्याकडे पदासाठी कुणी हात वर करत नाही. नामनिर्देशन समिती म्हणजे दोन बायका, त्या उन्हाळ्यात संध्याकाळी फोन करत सुटतात. मला आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पलीकडून त्या म्हणाल्या, "काम काहीच नसतं, वर्षातून चार बैठका." चार बैठका खऱ्या. बाकी हॉलचं भाडं, विम्याचा कागद, व्याख्यात्यांचं विमान उशिरा, राज्य शाखेला अहवाल, आणि फेब्रुवारीत शाळांतल्या मुलांना दात घासायला शिकवायचा कार्यक्रम, त्यासाठी मोठा प्लास्टिकचा जबडा कुणाच्या गाडीत राहिलाय याचा शोध. पगार नाही, दवाखान्यातून सुट्टी नाही. सगळं पोरं झोपल्यावर.

म्हणून ज्यांच्यामुळे हे निभतं त्यांची नोंद करायलाच हवी. नावं इथे घालायला मी परवानगी विचारलेली नाही, पण ज्याचं त्याला कळेल. खजिनदारबाई, ज्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून पावती काढून देतात आणि सेंटपर्यंत हिशेब जुळल्याशिवाय घरी जात नाहीत. दाराशी बिल्ले लिहिणाऱ्या दोघी बहिणी, ज्यांनी माझ्या आडनावाचं स्पेलिंग पहिल्याच वर्षी बरोबर लिहिलं, हे मी विसरणार नाही. सचिवांचे यजमान, कॉफीची किटली यांच्याच ताब्यात. कार्यक्रमपत्रिका मोठ्या अक्षरात छापणाऱ्या बाई, कारण पुढच्या रांगेतल्यांना बारीक वाचता येत नाही. खुर्च्या लावणाऱ्या आणि मुख्य म्हणजे परत जागेवर ठेवणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थिनी. हॉलचे राखणदार, जे हीटर आदल्या रात्रीच चालू करून ठेवतात. ग्लूटेन चालत नाही त्यांच्यासाठी वेगळे मफिन आणणारी मैत्रीण. फोटो काढणाऱ्या निवृत्त असिस्टंट, ज्या स्वतः एकाही फोटोत नाहीत. आमच्या घरातला थोरला, जो खोकी वाहतो आणि बदल्यात सगळे पेस्टचे नमुने आपले समजतो. आमचे हे, ज्यांनी त्या वर्षी शनिवारचा सगळा स्वयंपाक केला आणि त्याबद्दल अजून ऐकवतात.

सभा दिवाळीच्या तोंडावर येते, म्हणून मी चकल्या नेते. पहिल्या वर्षी टेबलावर खास चर्चा झाली. चकली दाताला फारशी चिकटत नाही म्हणून पास झाली, तिळाची चिक्की एकमताने नापास. तरीही चिक्कीचा डबा आधी संपला.

आणि हो, पार्किंगमध्ये उभे राहणारे गृहस्थ राहिलेच. पावसात छत्री धरून म्हाताऱ्या सभासदांना दारापर्यंत सोडतात. ते कुणाचे कोण हे आम्हाला बरीच वर्षं माहीत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या त्या हार्टफर्डवाल्यांपैकी एकीचे ते भाऊ निघाले.

यंदा मंडळाच्या गणपतीत तीन मराठी मुली भेटल्या, तिघी इथेच शिकून हायजिनिस्ट झालेल्या, दोघींना आपल्या भागात शाखा आहे हेही ठाऊक नव्हतं. मी त्यांचे नंबर घेऊन ठेवलेत. सचिवपद पुढच्या वर्षी रिकामं होतंय. अनोळखी नंबरवरून संध्याकाळी फोन आला तर उचला गं बायांनो, काम काहीच नसतं, वर्षातून चार बैठका.