स्विश्तोवमधलं काळीज

टूर मॅनेजरला घाम फुटतो तो कार्यक्रमात नसलेल्या गावात गाडी शिरली की. रोमेनिया-बल्गेरियाच्या टूरवर सकाळी सिनाया सोडलं आणि वाटेत कळलं, सीमेवरच्या रुसे शहराच्या डॅन्यूब पुलावर दुरुस्तीमुळे ट्रकांची भलीमोठी रांग लागलीय. आमच्या बल्गेरियन ड्रायव्हरने सरळ रोमेनियाच्या काठावरच्या झिम्निचाची वाट धरली. तिथून फेरीबोटीने नदी ओलांडली की पलीकडे बल्गेरियातलं स्विश्तोव. साडेचार तास गाडी हाकल्यावर त्याला पाऊण तास थांबणं कायद्याने सक्तीचं, तेही तो तिथेच थांबणार होता. मागून लगेच आवाज आला, "अहो मॅनेजर, इथे बघायचं काय?"

बघायचं होतं एका लेखकाचं घर. आलेको कोन्स्तान्तिनोव. युरो येण्याआधी बल्गेरियाच्या 100 लेव्हाच्या नोटेवर याचा चेहरा असायचा. 1863 साली इथल्या सधन व्यापाऱ्याच्या घरी जन्मला, वकील झाला, पुढे पैसा गेला, न्यायखात्यातली नोकरी गेली, तरी लेखांखाली सही करायचा ‘नशीबवान’ अशी. 1893 मध्ये शिकागोचं जागतिक प्रदर्शन बघून आला आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. 1895 मध्ये वर्तमानपत्रातून आवाहन करून शे-तीनशे लोकांना सोफियाजवळच्या विटोशा डोंगरावर, 2290 मीटर उंचीच्या चेर्नी व्रहवर घेऊन गेला. बल्गेरियातलं संघटित पर्यटन तिथून सुरू झालं असं मानतात. म्हणजे आमच्या धंद्याचा मूळपुरुषच की!

इथवर माइकवर ठीक चाललं होतं. पंचाईत झाली ती बाय गान्योपाशी. आलेकोचा हा मानसपुत्र गुलाबाचं अत्तर विकत युरोपभर हिंडतो. अत्तराच्या कुप्या हॉटेलात ठेवायला त्याचा जीव होत नाही. फुकटचं मिळालं तर पोटभर खातो, स्वतःचं मात्र जपून ठेवतो. सार्वजनिक स्नानगृहाच्या हौदात धपकन उडी मारतो, पाण्याचे फवारे उडवतो आणि छाती बडवत ओरडतो, "बुल्गार!" म्हणजे, मी बल्गेरियन! आता माझ्या निम्म्या बसने सकाळच्या बुफेतली उकडलेली अंडी रुमालात बांधून आणलेली. कुणाला लागलं तर? क्षणभर कुणीच हसेना. मग पुढच्या सीटवरच्या काकूंनी शेजारच्या काकांच्या फुगलेल्या खिशाकडे नुसतं पाहिलं आणि अख्खी बस हसत सुटली.

ड्रायव्हरला भाषा कळत नव्हती, पण ‘बाय गान्यो’ कळलं. त्याने आरशातून पाहत विचारलं, "कालोयांचेव?" गेओर्गी कालोयांचेव हा त्यांचा मोठा विनोदी नट. 1957 साली सोफियात सुरू झालेल्या सटायर थिएटरमध्ये त्याची हयात गेली. ते थिएटर आज आलेकोच्याच नावाने ओळखलं जातं. 1991 च्या चित्रपटात बाय गान्यो त्यानेच केला. 2012 मध्ये तो गेला. ड्रायव्हरने गाडी उभी केली, उतरला, पोट पुढे काढलं, मिशीवर बोट फिरवलं आणि धक्क्यावरच छातीवर मूठ आपटून गर्जला, "बुल्गाSSर!" काकांनी अंड्यासकट टाळ्या वाजवल्या.

मग संग्रहालय. एका काचेच्या भांड्यात आलेकोचं हृदय जतन केलंय. गोळीने भेदलेलं. 1897 च्या मे महिन्यात रादिलोवो गावाजवळ त्याच्या बग्गीवर मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. निशाणा होता सोबतचा राजकारणी मिहाइल ताकेव. दोघांनी बग्गीत जागा बदलल्या होत्या असं सांगतात. ताकेव वाचला, ‘नशीबवान’ गेला, वय 34. आमच्या ग्रुपमधल्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर सरकवून भांड्यापाशी वाकल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "याला उपचाराला वेळच मिळाला नसेल हो." मी आकडे-तारखांचं चऱ्हाट आवरतं घेतलं. मघाशी "इथे बघायचं काय" विचारणाऱ्या गृहस्थांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

वेलिको तर्नोवोला पोचायला अंधार पडला, जेवण गार झालेलं, तरी तक्रार एकही नाही. दुसऱ्या दिवशी कझानलकला अत्तराच्या दुकानात काका घासाघीस करू लागले, तेव्हा मागून कोरसमध्ये हाक आली, "बुल्गार!" काकांनी पाचवी बाटली फुकट मिळवलीच.

परतल्यावर मी ऑफिसला लिहिलं, की पुढच्या टूरमध्ये स्विश्तोव घाला. उत्तर आलं: तिथे शॉपिंग काय आहे?